अडुळशाची पानं आधी शेकून घ्या
घरगुती झाडपाल्याच्या औषधांवरच्या तुमच्या लेखात खोकल्यासाठी अडुळशाची पानं नुसती कुटून रस काढायला सांगितलंय. करून बघा, मूठभर पानांतून चमचाभरही निघत नाही! आमच्या यावलकडे आजी पानं आधी तव्यावर शेकायची, मऊ पडली की फडक्यात पिळायची, वर मध. कडूजहर, पण कफ सुटायचा. (कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच तयार झालंय.) गरोदर बाईला मात्र आजी अडुळसा कधीच देत नसे, हे लेखात यायलाच हवं होतं. आणि दगडी पाला कसा विसरलात? केळीच्या बागेत विळा लागला की बांधावरचा तोच पाला चोळून जखमेवर दाबायचो. खोल जखमेला अर्थात टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. परवा भाचा तोच पाला तण म्हणून उपटत होता.