रजा कैद्याला, खबर कुणालाच नाही

बलात्कारात दोषी ठरलेल्या डेरा सच्चा सौदाच्या राम रहीमला पुन्हा पॅरोल मिळाल्याची बातमी आली की आपल्या सोलापूरच्या ग्रुपांवर नुसता धुरळा उडतो. "गोळ्या घाला", "चौकात लटकवा", "काय बे हे कोर्ट!" वीस वर्षांची शिक्षा २०१७ साली झाली आणि तेव्हापासून हा माणूस किती वेळा बाहेर आला हे मोजायचंही लोकांनी सोडून दिलंय. चीड खरी आहे, मलाही येते. फक्त ती भलतीकडे जाऊन आदळते असं मला वाटतं, म्हणून हे लांबण लावतोय. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

माझी आत्या मोहोळ तालुक्यातली. बांधावरनं भांडण झालं आणि त्यात तिचा थोरला मुलगा मारला गेला. खटला इथं सोलापुरात चालला. तारखेला ती पहाटेच्या एसटीनं यायची, कोर्टाच्या आवारात भाकरीचं फडकं सोडून बसायची आणि पुढची तारीख ऐकून परत जायची. शेवटी मारणाऱ्याला जन्मठेप झाली. त्यानंतर काही वर्षांनी बाजाराच्या दिवशी ती मेथी घेत होती, तर कांद्याच्या ढिगापलीकडं तोच उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, भाव करतोय. आत्यानं जुडी तिथंच ठेवली आणि घर गाठलं. मला फोन केला: "आरं, त्यो सुटला व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई."

सुटला नव्हता, फर्लोवर आला होता. कायद्यानं मिळणारी रजाच होती ती, त्यात काही काळंबेरं नव्हतं. रजेआधी पोलिसांची चौकशी होते, तशी गावात झालीही होती. त्याच्या भावकीला विचारलं, गावातल्या दोन प्रतिष्ठितांना विचारलं. आत्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिच्या दारात कुणी आलं नाही.

आता नियमाचं थोडं. महाराष्ट्रात हे सगळं १९५९ च्या नियमांवरनं चालत आलंय, वेळोवेळी दुरुस्त्या करून. पॅरोलला कारण लागतं: घरात मयत, गंभीर आजारपण, लग्न, बाळंतपण. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लोला असं कारण लागत नाही. सलग आत राहून माणूस घरादाराला तुटू नये म्हणून ती रजा, आणि ती शिक्षेत धरली जाते. वडाळ्यातल्या तरुण वकील मुलीच्या खुनात जन्मठेप झालेला गुन्हेगार २०१६ मध्ये आई आजारी म्हणून नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर गेला आणि परतलाच नाही. सापडला २०१७ मध्ये, थेट काश्मिरात. मधल्या काळात सरकारनं नियम कडक केले, ते बरंच केलं.

पण रजाच बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्या सांगोल्याला लागून आटपाडी आहे. तिथं औंध संस्थानानं १९३९ साली स्वतंत्रपूर वसवलं. खुनाचे कैदी, भिंत नाही, बेड्या नाहीत, बायकापोरांसह शेती करायची. हा प्रयोग आपल्याच मातीत झालाय. माणूस सुधारतो यावर विश्वास ठेवायला मला जड जात नाही. जड जातं ते हे की ज्याच्याकडं वकील आणि जामीनदार आहे त्याची रजा झरझर मंजूर होते, आणि ज्याचं कुणी नाही त्याची मंजूर झाली तरी जामिनाला उभं राहणारा मिळत नाही, म्हणून तो आतच बसतो. संजय दत्तच्या रजांवरून येरवड्याच्या नावानं एवढा गदारोळ झाला, त्याचं मूळ हेच होतं.

दुसरा गैरसमज 'सौद्या'चा. अमेरिकेतल्या बातम्या वाचून लोक म्हणतात, आपल्याकडंही आता खुनी लोक सरकारशी सौदा करून सुटणार. तसं नाही. प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर समझोता, आपल्याकडं २००६ पासून आहे, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ते चालत नाही, बायकांवरच्या आणि लहान मुलांवरच्या गुन्ह्यांनाही नाही. खून तर लांबच राहिला. आणि त्यात एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. आरोपीनं अर्ज केला की कोर्ट सरकारी वकिलाला, तपास अधिकाऱ्याला आणि पीडिताला नोटीस काढतं. चौघं समोरासमोर बसतात. नुकसानभरपाई किती, खर्च किती, हे पीडिताच्या देखत ठरतं. म्हणजे फिर्यादीला हक्काची खुर्ची दिलेली आहे, आणि नेमकी तीच तरतूद आपल्या कोर्टांत जवळजवळ पडून आहे. रजा ठरते त्या टेबलाशी मात्र आत्याला स्टूलसुद्धा नाही.

खरा सौदा वेगळाच चालतो, आणि तो गरिबाच्या गळ्यात पडतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे निकालच न लागलेले. किरकोळ चोरीतला पोरगा, जामीन झालेला, पण हमी द्यायला माणूस नाही. महिने जातात. मग कुणीतरी कानात सांगतं, गुन्हा कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा होईल, संध्याकाळी घरी. केला असो वा नसो, तो हो म्हणतो. यावर आपल्या ग्रुपात कधी एक इमोजीही पडलेला मी पाहिला नाही.

"महिन्यात निकाल, चौकात फाशी" म्हणणाऱ्या सोलापूरकरांना एक आठवण. मे १९३० मध्ये इंग्रजांनी आपल्या शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लावला, पोलिसांच्या खुनाचा खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. आठ महिन्यांत सगळं आटोपलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आपण त्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. झटपट न्यायाचं गुणगान करायला निदान आपण तरी जरा कचरायला हवं.

माझं मागणं फार मोठं नाही. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्येच सांगितलंय. ते जामिनाच्या संदर्भात होतं. रजेच्या वेळीही तेच का नको? नकाराधिकार मागत नाही मी. आत्याला विचारलं तर ती रागानं नाहीच म्हणेल, आणि तिच्या रागावर कुणाची रजा ठरू नये हे मलाही पटतं. पण कधी येतोय, किती दिवस आहे, कुठल्या ठाण्यात हजेरी देणार, एवढं तरी तिला आधी कळावं. गॅसची टाकी गाडीतून निघाली की मोबाइलवर मेसेज येतो. लेकराचा खुनी गावात येतोय याचा नाही.

आत्याच्या नावानं तसा साधा अर्ज लिहिलाय, एक कारागृह अधीक्षकांना आणि एक ग्रामीण पोलीस अधीक्षकांना. यापुढं रजा मंजूर झाल्यास लेखी किंवा फोनवर कळवावे, नंबर खाली दिला आहे. आत्यानं अंगठा नको म्हणून सही गिरवली, सुनेनं झेरॉक्स काढून ठेवली. पोच मिळाली आहे. असाच अर्ज कुणाला करायचा असेल तर मजकूर इनबॉक्समध्ये पाठवतो, आणि आमच्या अर्जाला उत्तर आलं की इथंच टाकतो.