"तोंडावर ताबा ठेव" असं कुणाला म्हणू नका

रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभ्याउभ्या चिवड्याचा डबा संपवणाऱ्या बाईला भूक लागलेली नसते, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरी हात थांबत नाही. आणि सकाळी घरातलं कुणीतरी डबा हलवून म्हणतं, "जरा तोंडावर ताबा ठेव." या वाक्याचा मला मनापासून राग आहे.

बरीच वर्षं मीही अशीच खायचे. ऑफिसात बोलणी बसली की येताना वडापाव, घरी कुणाशी वाजलं की फरसाण, रविवारची संध्याकाळ उदास वाटली की मिळेल ते गोड. ही सवय आभाळातून पडत नाही. पोर रडलं की आपण हातात बिस्कीट देतो, गुडघा फुटला की तोंडात साखर घालतो. हिल्डे ब्रुख या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी गेल्या शतकातच मांडलं होतं की मुलाच्या प्रत्येक रडण्यावर खाऊच पुढे केला, तर भूक कुठली आणि मनाची तगमग कुठली, हे त्याला मोठेपणीही उमगत नाही.

त्यात भर पडते अर्धपोटी राहण्याची. वजन कमी करायचं म्हणून सकाळी नुसता चहा, दुपारी एक पोळी. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. जवळजवळ सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांचं समाधान होईना, खातच राहायचे. निवडून घेतलेल्या निरोगी माणसांची ही गत! मग दिवसभर राबून, एका पोळीवर राहून, वर चार शब्द ऐकून घेतलेल्या बाईचा रात्री तोल गेला, तर दोष तिच्या निग्रहाचा कसा?

मला गुण आला तो दुपारी नीट जेवल्याने. भात, आमटी, भाजी, पोळ्या, सगळं पोटभर. त्याने अर्धी लढाई संपली. उरलेल्या अर्धीसाठी एक प्रश्न कामी येतो: आत्ता भाकरी आणि मेथीची भाजी समोर आली तर खाईन का? हो, तर सरळ ताट वाढून घ्यायचं. नको, शेवच हवी, तर काहीतरी खुपतंय. ते काय, हे मी बहिणीला फोन करून बोलते. बोलूनही शेव हवीच असली, तर वाटीत घेऊन, खाली बसून, चवीने खाते. घरात शेव-चिवड्यावर बंदी नाही, कारण बंदी घातली की दिवसभर तेच डोक्यात घोळतं. जागरण झालेल्या दिवशी जास्त खा-खा होते, तेही शरीराचंच काम आहे, झोप कमी पडली की भुकेची संप्रेरकं बिघडतात.

काहींचं दुखणं याहून खोल असतं. थोड्या वेळात भरमसाट खाणं, थांबवता न येणं, नंतर शरमेने कुणाला न सांगणं, हे वारंवार होत असेल तर तो आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. सरकारची टेलिमानस ही मनाच्या दुखण्यांसाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. घरात असं कुणी असेल तर टोमणा मारण्याआधी शेजारी बसा, तिची तयारी असेल तर नंबर लावून द्या आणि तिला मोकळं बोलता यावं म्हणून खोलीचं दार ओढून घ्या.