जेट मोठा केल्याने हवा ओढायची थांबत नाही

नमस्कार दादा,

सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या वडिलांच्या २००२ च्या स्प्लेंडरमध्ये कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इंजिन यांच्या जोडातून जास्तीची हवा शिरून रेस चढून राहायची; त्यावर कार्बोरेटर उतरवून ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) बदलणं, फ्लँज (जोडाची सपाट बाजू) घासणं हा मी लेखात सांगितलेला खटाटोप लोकांना उगाच कामाला लावणारा आहे. तुमच्या जुन्या गाडीचीही रेस अशीच चढून राहायची, ती ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे. मेकॅनिकने मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा टाकला आणि गाडी सुधारली. सिग्नलला मात्र अजून कधीकधी अर्धा चोक ओढावा लागतो. आणि फट शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर (पेट घेणारा सफाईचा स्प्रे) मारायला सांगणं बेजबाबदार आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. स्प्लेंडरच्या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) वर, सायलेन्सरचा बेंड खाली. वरून मारलेलं काहीही ओघळून तापलेल्या बेंडवरच जातं. ते वाक्य मी लिहायलाच नको होतं, आज लेखातून काढलंय. त्याऐवजी गाडी नुकतीच चालू केली असताना साध्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या आणि प्लग सांभाळून इनटेकच्या जोडांवर एकेक फवारा मारा. पाण्याने फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. ज्या जोडावर बदलला, तिथेच हवा ओढतेय.

जेटचं मात्र मला पटत नाही. फट तेवढीच असली तरी तिच्यातून किती हवा शिरणार हे आतल्या ओढीवर ठरतं. रेस सोडलेली असते तेव्हा स्लाइड (कार्बोरेटरमधली हवेची वाट मिटवणारी सरकती झडप) खाली, इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त आणि कार्बोरेटरमधून येणारी हवा सगळ्यात कमी. म्हणून चोरवाटेने येणाऱ्या हवेचा वाटा तेव्हाच मोठा. रेस पूर्ण उघडली की तीच फट जाणवतही नाही. आणि मेन जेटचं खरं काम तर साधारण पाऊण रेसच्या पुढे सुरू होतं! दुखणं एका टोकाला आणि औषध दुसऱ्या टोकाला. हायवेवर पेट्रोल जास्त जळणार, प्लग काळा पडणार, आणि सिग्नलला पुन्हा चोक. चोक हवा कमी करतो; गाडी तापल्यावरही तो ओढला की बरं वाटतं, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय.

ई-२० चा परिणाम नाही असं मी म्हणत नाही. वजनाने १ भाग पेट्रोल जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतंच. पण ते सगळ्याच रेसला होतं, आणि जोडावर पाणी मारून त्यात काही फरक पडत नाही.

वडिलांच्या गाडीत मी काय पाहिलं ते सांगतो. कार्बोरेटर खिडकीपाशी धरला आणि फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी टेकवली. दोन्ही बोल्टांच्या कानांवर पट्टी घट्ट, आणि मध्ये, नेमकी ओ-रिंग बसते तिथे, उजेडाची बारीक रेघ. वर्षानुवर्षं प्रत्येक सर्व्हिसिंगला कुणीतरी बोल्ट आणखी थोडे आवळले होते. ॲल्युमिनियमचे कान पुढे वाकले, मधला भाग मागे राहिला. ओ-रिंग सुपारीसारखी कडक; नखाने दबेना, वाकवल्यावर तुटलीच. अशा वेळी आणखी आवळलं तर फट वाढतेच.

खर्च म्हणाल तर एक ओ-रिंग आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर. जाड काचेवर पेपर ठेवून, ओ-रिंग काढलेली फ्लँज हलक्या हाताने गोल फिरवत घासायची, उजेड दिसायचा बंद होईपर्यंतच. जास्त घासलं तर ओ-रिंगची खाच उथळ होते. मग पेट्रोलने नीट धुवायचं. एक कणही आत राहता कामा नये. जोडात बसणारा बेकलाइटचा इन्सुलेटर (उष्णता अडवणारा तुकडा) चिरलेला असेल तर नवाच घ्या. सिलिकॉन लावू नका, साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. बोल्ट दहाच्या पान्याने आलटून पालटून, पाना त्याच्या बोल्टाकडच्या टोकाजवळ धरून, हलक्या जोराने आवळायचे. सहा एमएमच्या बोल्टला एक केजीएफ-मीटरच्या (सुमारे १० न्यूटन-मीटर) आसपास टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुरतो.

तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवत नाही. रेस उघडल्यावर गाडी खरंच बरी वाटली असेल. पण लीन मिश्रणावर तासन्‌तास चालणारं इंजिन जास्त तापतं, आणि इतकी वर्षं साथ दिलेल्या गाडीचं तसं व्हावं असं मला वाटत नाही. एवढं करा: जुना जेट परत बसवा, पाण्याची टेस्ट घ्या, आणि पट्टी टेकवून उजेड दिसतो का ते कळवा. घासायचं की नवीन भाग घ्यायचा, ते मग ठरवू.