‘काका, ही भीती आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आपली प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि उत्तर सोमवारी लिहितो आहे. मधला रविवार मुद्दाम जाऊ दिला, कारण शनिवारीच लिहायला बसलो असतो तर ते येथे छापण्याजोगे राहिले नसते.

ज्या वाचकांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेली सोळा वर्षे माझ्याकडे असलेली ९७ सीसीची स्प्लेंडर काढून रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यावी की नाही, याचा हिशेब मी गेल्या लेखात मांडला होता आणि शेवटी ‘तूर्त नको’ असे म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की मी विम्याचा आकडा चुकीचा दिला. जीएसटी कमी झाल्याचे लक्षात घेतले नाही. महामार्गावर शंभर सीसीची गाडी ट्रकच्या पुढे वेळेत काढता येत नसल्यामुळे खरा धोका तिच्यावरच आहे. आणि ड्रम ब्रेक व एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जखडू न देणारी यंत्रणा) यांच्यातील फरकाबद्दल मी एक अक्षरही लिहिले नाही. या सर्वांनंतर आपण लिहिले आहे : ‘काका, ज्याने आयुष्यभर शंभर सीसी फक्त घर ते ऑफिस पळवली त्याने मोठ्या गाडीवर ज्ञान देऊ नये. हा हिशेब नाही, ही भीती आहे.’ त्यापुढे हसण्याची तीन चिन्हे आहेत, ती येथे उमटवत नाही.

चूक आधी मान्य करतो. थर्ड पार्टी विम्याचे जे वार्षिक दर जून २०२२ पासून लागू झाले, त्यांत ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीच्या गाडीला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वरच्या गाडीला २,८०४ रुपये असा दर आहे. क्लासिकचे इंजिन ३४९ सीसीचे असल्यामुळे तिला १,३६६ रुपयेच लागतात. मी नावातल्या ‘३५०’ वरून फसलो आणि २,८०४ रुपये धरले. वीस वर्षे पतसंस्थेत दुसऱ्यांची आकडेमोड तपासणाऱ्या माणसाला ही चूक शोभत नाही. तेव्हा माझ्या हिशेबातून वर्षाला १,४३८ रुपये वजा करावेत. लेखातल्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किती, हे ज्याने-त्याने पाहावे.

आता ‘काका’. माझे वय पन्नास आहे आणि कराडच्या बाजारात भाजीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे मला काकाच म्हणतात. त्याचे मला कधी वाईट वाटलेले नाही. पण ते समोर उभे राहून म्हणतात, आणि काका म्हटल्यावर पिशवीत दोन मिरच्या जास्तीच्या टाकतात. टोपणनावामागे बसून, वाक्याच्या आरंभी काका आणि शेवटी हसण्याची चिन्हे, या दोहोंच्या मध्ये माणसाला भित्रा ठरवणे हे नाते जोडण्याचे लक्षण नव्हे. आपण कोण, कोणत्या गावचे, आपली गाडी कोणती, हे मला ठाऊक नाही. माझे मात्र नाव, गाव आणि गाडी लेखाच्या वर छापलेली आहे.

‘घर ते ऑफिस’ या तीन शब्दांनी मला जितके डिवचले तितके भित्रेपणाच्या आरोपानेही डिवचले नाही, हे कबूल करतो. मी पतसंस्थेच्या वसुली विभागात आहे. वसुली करणाऱ्या माणसाचे ऑफिस म्हणजे गाडीची टाकी, तिच्यावर ठेवलेले रजिस्टर आणि रजिस्टरावर घातलेला प्लास्टिकचा कागद. ढेबेवाडी, तारळे, मल्हारपेठ, मोरगिरी, हेळवाक या गावांना आणि त्यांच्या वरच्या वाड्यांना मी ही गाडी नेलेली आहे, आणि त्यातही पावसाळ्यात जास्त, कारण पेरणीच्या दिवसांत माणूस घरी नसला तरी शेतात सापडतो. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अशा पावसात हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटात समोरचे काही दिसत नसताना दुसऱ्या गिअरवर, कडेचा पांढरा पट्टा बघत गाडी कशी काढायची हे मी कोणत्याही व्हिडिओवरून शिकलेलो नाही. काट्यावर आज एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर झाले आहेत. टाकीवर अजून ‘हीरो होंडा’ अशी दोन्ही नावे आहेत, म्हणजे त्या दोन कंपन्या वेगळ्या झाल्या त्याच्या आधीची ही गाडी. गेल्या वर्षी पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून आणि पर्यावरण कर भरून मी ती ठेवली आहे. घर ते ऑफिस माझे अंतर अडीच किलोमीटर आहे, आणि ते मी चालत जातो.

‘मोठ्या गाडीवर ज्ञान देऊ नये’ असेही आपण म्हणता. जणू मी तिला कधी हातच लावलेला नाही! १९९३ साली मी कॉलेजात असताना आमच्या थोरल्या काकांकडे जुनी बुलेट होती. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, अशा त्या काळच्या मांडणीची. ती चालू करणे हा आपल्याला ठाऊक असलेल्या बटणाच्या स्टार्टसारखा प्रकार नव्हता. डाव्या हाताशी एक छोटी दांडी असे. ती दाबून किक हळूहळू खाली न्यायची, टाकीपुढच्या अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचे, दांडी सोडायची, आणि मग शरीराचा सगळा भार टाकून एकच किक. काटा मध्यावर नसताना घाई केली तर किक उलटी येई आणि नडगीची आठवण आठवडाभर राही. काकांनी मला आधी पंधरा दिवस फक्त काटा बघायला शिकवले, किक मारू दिली नाही. त्यानंतर एका रविवारी त्यांनी मागे बसून मला कराडहून कोल्हापूरला नेले. सत्तरेक किलोमीटरमध्ये ते एकदाच बोलले, तेही पेठनाक्याला, ‘चहा’ एवढेच. परतल्यावर मी वडिलांच्या गाडीवर बसलो आणि सवयीने ब्रेकऐवजी गिअर दाबला, आणि शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनापाशी जेमतेम थांबलो. मोठी गाडी काय असते हे मला या वयात समजावून सांगणाऱ्याने एवढे तरी लक्षात घ्यावे, की बहुधा तो जन्मलाही नसेल तेव्हा मी तिच्यावर कोल्हापूर करून आलो आहे.

आणि नवीही चालवली आहे. गेल्या फेब्रुवारीत एका मित्राची तीनशे पन्नास मी तीन दिवसांसाठी मागून आणली, ती हाच निर्णय करण्यासाठी. सौभाग्यवतींना घेऊन कोयनानगरला गेलो. गाडी उत्तम होती, हे मी मूळ लेखातही लिहिले आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये ती ज्या शांतपणे ओढत होती, तिथे माझी स्प्लेंडर तिसऱ्यात रडली असती. परतताना वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर थांबलो. पंपाच्या कडेला उतार होता आणि उतारावर बारीक खडी पसरलेली होती. गाडी पूर्ण थांबलेली होती, हे नमूद करतो. सौ. उतरल्या, मी हँडल वळवले, डावा पाय टेकवला, तो खडीवरून चार बोटे सरकला, आणि गाडी कलली. स्प्लेंडर अशी कितीदा तरी कलली आहे. मांडीने एक धक्का दिला की ती सरळ होते. ही झाली नाही. मी हाताने, मांडीने, पाठीने अडवायचा प्रयत्न केला आणि ती अगदी सावकाश, जणू बसायला जागा शोधत असल्यासारखी, खाली गेली. एक इंडिकेटर फुटला, क्लचची दांडी वाकली. मला एकट्याला ती उचलता येईना. पंपावरचा मुलगा आणि किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरचा एक दूधवाला, अशा दोघांनी ती माझ्यासह उभी केली. दूधवाला म्हणाला, ‘जड हाय वो, मास्तर.’ मी मास्तर नाही, पण तेव्हा दुरुस्ती करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मित्राने खर्चाचे पैसे घेतले नाहीत, याचे मला अजून ओझे आहे.

हा प्रसंग मी मूळ लेखात लिहिला नव्हता, कारण त्यात लिहिण्याजोगे काही आहे असे मला वाटले नव्हते. आता आपण विचारालच. क्लासिक पेट्रोल-तेल भरलेल्या अवस्थेत १९५ किलोची आहे, माझी गाडी ११० किलोच्या आसपास. पंच्याऐंशी किलोचा फरक रस्त्यावर चालताना जाणवत नाही, पार्किंगमध्ये, उतारावर, चिखलात आणि वाडीच्या बोळात गाडी मागे घेताना जाणवतो. आणि माझ्या कामाचा अर्धा दिवस तिथेच जातो. याला भीती म्हणायचे असेल तर जरूर म्हणा. लेखात मी ‘वजन’ हा एकच शब्द लिहिला होता, तो पुरेसा आहे असे समजून.

‘हा हिशेब नाही’ असे तुम्ही इतक्या सहज लिहून टाकले आहे, की तो तुम्ही वाचलाच नसावा अशी शंका येते. म्हणून पुन्हा मांडतो. माझे वर्षाचे रनिंग नऊ हजार किलोमीटर. माझी गाडी लिटरला ६२ देते, मित्राच्या गाडीने माझ्या हाताखाली ३४ दिले. म्हणजे वर्षाला १४५ लिटरच्या जागी २६५ लिटर, फरक १२० लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर साडेबारा हजार रुपये. नवी गाडी सगळे धरून सव्वादोन लाखांच्या आसपास जाते. त्यातले दोन लाख अकरा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साडेसहा हजार. हा हप्ता कागदावर किती हलका दिसतो आणि आठव्या महिन्यात किती जड होतो, हे मला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. आरसी बुकावर बोजा असलेली, टाकीला अजून शोरूमची फिल्म चिकटलेली गाडी पोराच्या आईच्या देखत अंगणातून बाहेर काढायची वेळ माझ्यावर आलेली आहे. एकदा त्या माउलीने मला आधी पाणी दिले, मग किल्ली दिली. तेव्हापासून मी हप्त्यावर घेतलेल्या हौशीच्या गाडीबद्दल जरा सावकाश बोलतो. ही तुमच्या लेखी भीती असेल, तर ती माझ्या पगाराचाच भाग आहे.

जीएसटीचे म्हणाल तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला हे खरे आहे. तो शंभर सीसीच्या गाडीवरही तितकाच कमी झाला. सव्वादोन लाख ही किंमत मी कर कमी झाल्यानंतरचीच धरली होती; लेखाची तारीख पाहिली असती तर हा मुद्दा आपण लिहिला नसता.

ट्रकच्या पुढे जाण्याबद्दल एवढेच सांगतो, की मला पुढे जाण्याची घाई नसते. क्लासिकचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, २७ न्यूटन-मीटर आहे आणि माझ्या गाडीचा आठ, हे मला माहीत आहे. महामार्गावर मी डाव्या कडेने साठच्या वेगाने जातो आणि ज्याला पुढे जायचे असेल त्याला जाऊ देतो. मागून येणारा काय करतो हा वेगळा विषय आहे आणि तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. एबीएसबद्दल आपण लिहिले ते बरोबर असेल. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, म्हणजे सरकारलाही ते पटलेले आहे. माझ्या गाडीला पुढे आणि मागे ड्रम आहेत आणि त्यांचे शूज मी वेळच्या वेळी बदलतो. सौभाग्यवतींनी आपली प्रतिक्रिया वाचली तेव्हा नेमके याच ओळीवर बोट ठेवून ‘हे काय असतं?’ असे विचारले. मी त्यांना समजावून सांगितले. त्यानंतर घरात या विषयावर जे बोलणे झाले ते घरातले आहे.

आणखी एक. ‘वयस्कर लोकांनी स्कूटर घ्यावी’ असेही आपण कंसात लिहिले होते. त्याला उत्तर देत नाही.

मोठी गाडी कोणी घेऊच नये असे मी कुठेही म्हटलेले नाही, हे मूळ लेखाचा तिसरा परिच्छेद वाचल्यास कळेल. ज्याचे रोजचे अंतर लांबचे आहे, रस्ता सरळ आहे, गाडी उभी करायला सपाट जागा आहे आणि पैसे रोख आहेत, त्याने अवश्य घ्यावी, आणि कुंभार्लीत मला ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवावा. माझे यांपैकी एकही नाही, म्हणून ‘तूर्त नको’. ‘तूर्त’ हा शब्द मी विचार करून घातला होता. आपल्या प्रतिक्रियेत तो गाळून ‘काका म्हणतात नकोच’ असे उद्धृत झाले आहे. दुसऱ्याच्या वाक्यातला शब्द काढून मग त्या वाक्यावर हसणे याला आमच्या ऑफिसात रजिस्टरमध्ये खाडाखोड म्हणतात, आणि त्यावर सही घेतात.

विम्याचा आकडा मूळ लेखात दुरुस्त केला आहे आणि ही चूक आपण दाखवून दिली असे तेथे नोंदवले आहे. टोपणनावच लिहावे लागले, कारण दुसरे आपण दिलेले नाही.