माझा खांदा आणि त्यांचा गुडघा

काल फिजिओथेरपी क्लिनिकच्या काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या दोन सिटिंग्ज लॅप्स झाल्या.’ दहा सिटिंग्जचं पॅकेज, पाच हजार आगाऊ, तीस दिवसांत संपवायचं. मधले सहा दिवस मी तापानं अंथरुणात होते, हे सांगितलं तर म्हणे सिस्टिम घेत नाही. गेले हजार रुपये. सिटिंग म्हणजे काय दही आहे, आंबलं म्हणून टाकून द्यायला? फ्रोझन शोल्डर आधी आखडतो, मग गोठतो, मग सावकाश सुटतो, एक ते तीन वर्षं लागतात, हे यांच्याच भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय. खांद्याची व्हॅलिडिटी तीन वर्षं आणि पॅकेजची तीस दिवस!

आमची डोंबिवलीची लोकल. वरची कडी धरायला हात जाईना आणि एके दिवशी कुर्ता डोक्यातच अडकला, तेव्हा डॉक्टर गाठला. त्यांनी आठशे रुपयांत दोन मिनिटं हात वर-खाली केला आणि म्हणाले, ‘फिजिओ करून घ्या.’ मग फोनाफोनी. एकीकडे ‘आधी असेसमेंट, मग रेट’. दुसरं दोन जिने चढून, लिफ्ट नाही. तिथे गुडघेवाले कसे पोचतात हा प्रश्न मी विचारला, त्यांना आवडला नाही. तिसरं हे.

इथे दोन खाटांमध्ये एक हिरवा पडदा आहे. पहिल्याच दिवशी खांद्यावर गार जेल पडून मशीन गुणगुणायला लागलं आणि पलीकडून आवाज आला, ‘खांदा का?’

पडद्याखालून एक पाऊल दिसत होतं. तपकिरी मोजा, अंगठ्यापाशी भोक, पंजा एका लयीत वर-खाली, वर-खाली.

‘हो.’

‘कितीला बसला?’

मी ‘एका सिटिंगचे पाचशे’ म्हणाले. पंजा मधेच थांबला.

‘पाचशे? मी साडेतीनशे देतो. आणि माझा गुडघा आहे हो, बदललेला! अख्ख्या देहाचा भार घेतो. तुमचा खांदा काय, पर्स अडकवायला.’

मी म्हटलं, काका, दर सांध्याच्या वजनावर नसेल. पण काकांना न्याय हवा होता, तोही माझ्यासाठी. ‘अगं ए,’ त्यांनी फिजिओच्या मुलीला हाक मारली, ‘या ताईंचा खांदा माझ्या गुडघ्यापेक्षा महाग कसा?’ ती लाजून काउंटरवर विचारायला गेली. परत आली ती हसू दाबत. ‘आजोबा, तुमचा जुना रेट लागलाय. पुढच्या पॅकेजपासून तुम्हालाही पाचशे.’

एवढा वेळ शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. मग पडद्यामागून फक्त, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं आकडा बोलायला?’

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी ‘ती खांदावाली’. तरी काकांना गप्प राहवत नाही. परवाच कुणाला तरी अभिमानानं सांगत होते, ‘आपल्या दहा सिटिंग्ज दिवाळीपासून चालल्यात, अजून दोन शिल्लक आहेत.’ आता होळी आली.

मेडिक्लेमचं काय, असं सगळे विचारतात. एजंटला मीही विचारलं. ‘ॲडमिट होता का? चोवीस तास?’ नाही. ‘मग नाही बसत, ओपीडी पॉलिसीत येत नाही.’ म्हणजे खांदा नीट पडून-झोपून दुखला असता तर पैसे मिळाले असते, मी चालत गेले हा माझा गुन्हा. बरं, सप्टेंबर २०२५पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणून त्याच माणसानं आनंदानं फोन केला होता. मीही खूश झाले होते, बावळटासारखी.

आणि खरं सांगू? अर्ध्या तासात पंधरा मिनिटं मशीन, दहा मिनिटं शेक. त्या पोरीचे हात लागतात पाच मिनिटं, आणि जो काही फरक पडतो तो त्या पाच मिनिटांत. ती साडेचार वर्षं शिकून आलीय आणि लोक तिला मालिशवाली म्हणतात. एकाच वेळी तीन खाटा तिच्या गळ्यात. माझ्या पाचशेतले तिच्या हातात किती पडत असतील, हे विचारायचं धाडस मला होत नाही. घरी मी बोटांनी भिंत चढते. पेन्सिलीची खूण पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत आलीय, महिन्याभरात वीतभर.

तर काल मी काउंटरवर हुज्जत घालत होते. ताप, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं काढून दाखवलं. मुलगी ढिम्म. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, ‘अहो ताई, नियम म्हणजे नियम! तीस दिवस म्हणजे तीस दिवस. शिस्त नको का?’

मी पडद्याकडे वळले. मोजा, भोक, पंजा वर-खाली, वर-खाली.

‘काका,’ मी जरा मोठ्यानंच विचारलं, ‘तुमचं पॅकेज कधीचं हो?’

पंजा थांबला.