कंट्रोलरला ताप कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या डेंटनहून न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला छोट्या सेस्ना विमानाने जाताना वाटभर कंट्रोलरशी, म्हणजे जमिनीवरून रडारवर विमानं सांभाळणाऱ्याशी, रेडिओवर संपर्क ठेवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: हवा स्वच्छ असेल तर अमेरिकेतला कायदा बोलायची सक्ती करत नाही, टॅब्लेटवर आजूबाजूची विमानं दिसतात, मग हौशी वैमानिकांनी एअरलाइनची विमानं सांभाळणाऱ्याच्या डोक्याला ताप का द्यावा? शिवाय यामुळे बोट धरून चालायची सवय लागते, हेही सुनावलंत.

कायद्याचं बरोबर आहे. डेंटनचा टॉवर मागे पडला आणि मोठ्या विमानतळांची हद्द टाळली, की ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) 1200 हा सर्वसाधारण कोड लावून चकार शब्द न काढता टेक्सास ओलांडता येतं. भारतात एका विमानतळावरून दुसरीकडे जायचं तर फ्लाइट प्लॅन आणि एफआयसी, एडीसी हे परवानगीचे नंबर हातात आल्याशिवाय चाक हलत नाही. तिथे शिकलेल्याला ही मोकळीक सोडवत नाही, हे मी समजू शकतो.

तापाचं मात्र पटलं नाही. वाटभर रडारवरून लक्ष ठेवून आजूबाजूची विमानं सांगण्याची ही सेवा, फ्लाइट फॉलोइंग, कंट्रोलरला सवड असेल तरच मिळते. गर्दी असली की तो सरळ 'अनेबल' (जमणार नाही) म्हणतो, आणि विषय संपतो. उलट तुम्ही गप्प राहिलात तर त्याच्या पडद्यावर एक मुका ठिपका उरतो. तो कुठे वळणार, उंची दिसते ती खरी का, काहीच कळत नाही, आणि डॅलसला उतरणाऱ्या जेटला त्या ठिपक्याबद्दल सावध करत बसावं लागतं. दहा सेकंदांच्या बोलण्याने त्याचं काम कमीच होतं.

आता टॅब्लेट. अमारिलोच्या वाटेवर विचिटा फॉल्स लागतं. तिथल्या शेपर्ड हवाई तळावर नाटो देशांचे वैमानिक शिकतात आणि भोवतालच्या लष्करी सरावक्षेत्रात आपल्याला व्हीएफआर, म्हणजे स्वच्छ हवेत डोळ्यांनी बघत, जायची मुभा असते. तिथे कंट्रोलरचा आवाज कानावर येतो: 'फोर टू लिमा, ट्रॅफिक टू ओ'क्लॉक, फाइव्ह माइल्स, वेस्टबाउंड, टू टी-38, क्लाइंबिंग.' 'फोर टू लिमा' म्हणजे मी, आणि पुढे उजवीकडे पाच मैलांवर टी-38 ही दोन लष्करी जेट वर चढताहेत. मी उजवीकडे डोळे ताणतो. काही दिसत नाही. 'निगेटिव्ह काँटॅक्ट' म्हणतो (दिसलं नाही). लगेच तो डावीकडे वीस अंश वळायचं सुचवतो. वळलो, आणि दोन पांढऱ्या सुया उजव्या पंखापलीकडून वर निघून गेल्या. टॅब्लेटवर ती विमानं दिसत होतीच. पण पुढच्या मिनिटात ती काय करणार, हे त्यांच्याशी बोलणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय 1 जानेवारी 2020 पासून एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र, टॅब्लेटवर दिसतं ते यावरूनच) सक्तीचं झालं ते ठरावीक हवाई क्षेत्रांतच. कापसाच्या रानावर फवारणी करणाऱ्या विमानात ते असेलच असं नाही. इतक्या खाली ते रडारलाही बहुधा सापडत नाही, तिथे आपलेच डोळे.

आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याला तुमच्या प्रतिक्रियेत जागाच नाही. सेस्ना 172 चं इंजिन जमिनीपासून 5000 फुटांवर बंद पडलं, तर साधारण 7 नॉटिकल मैल आणि सहा-सात मिनिटं हातात असतात. तेवढ्यात वेग सांभाळायचा, शेत निवडायचं, इंधनाचा कॉक आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) तपासायचे. गप्प उडणाऱ्याला यातच रेडिओवर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी लावून आपण कोण, कुठे, किती जण हे सांगावं लागतं, आणि समोर ऐकणारं कुणी आहे का तेही बघावं लागतं. माझ्या कंट्रोलरला मी कोण आणि कुठे ते आधीच माहीत असतं. मी फक्त इंजिन गेलं म्हणायचं.

बोट धरण्याबद्दल एवढंच, की दुसरं विमान बघून टाळायची जबाबदारी वैमानिकाचीच राहते. न्यू मेक्सिकोत डोंगर जवळ आले आणि तुम्ही खाली असलात, की 'रडार सर्व्हिस टर्मिनेटेड, स्क्वॉक व्हीएफआर' (सेवा संपली, पुन्हा 1200 लावा) ऐकू येतं आणि वाऱ्यावर सोडलं जातं. तोवर नकाशाकडे न बघता त्याच्या भरवशावर बसलेले वैमानिक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल तुमचा राग रास्त आहे.

म्हणूनच मी व्हीएफआर फ्लाइट प्लॅनही वेगळा भरतो. फ्लाइट फॉलोइंग घेतलं म्हणजे तो आपोआप भरला जात नाही. पोहोचायची वेळ टळून 30 मिनिटं झाली की फ्लाइट सर्व्हिसवाले (हे प्लॅन सांभाळणारं वेगळं कार्यालय) शोध घ्यायला फोन फिरवायला लागतात. सांता फेला उतरून तो बंद करायला विसरलात, तर मात्र तुम्ही म्हणता तो ताप खराच होतो, फक्त कंट्रोलरला नाही, त्यांना.