भूप गाता येतो, मग शास्त्र कशाला?

गाण्याच्या क्लासच्या दारात, मैफल संपल्यावर चहा घेताना आणि हल्ली इथे फेसबुकवरही एक वाक्य सारखं कानावर येतं: शास्त्र, म्हणजे राग-तालाचे नियम आणि त्यांची कारणं, शिकून कुणी गवई होत नाही. वाक्य खरं आहे. पण म्हणून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याने शास्त्राच्या वाटेला जाऊच नये असं जे पुढे जोडलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. या समजुतीने शिकणाऱ्या मुलांचं नुकसान होताना मी शिकवताना पाहत आलो आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पुष्कळ राग घेत बसत नाही. एकटा भूप घेऊ, बहुतेकांचा पहिल्या दोन-तीन रागांपैकी एक. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, कोमल-तीव्र काही नाही. मुलाला सरगमगीत येतं, छोटा ख्याल येतो, पाठ केलेल्या आठ-दहा ताना येतात. आईवडील खूश, मूल खूश. आता त्याच मुलाला सांगा, बाळा, नवीन काही नको, याच पाच स्वरांत तुझ्या मनाने दोन मिनिटं आलाप कर. बहुतेक मुलं इथे थांबतात, आणि जी थांबत नाहीत त्यांच्यातली बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच देसकार या दुसऱ्याच रागात शिरतात. त्यांना ते कळतही नाही, कारण देसकाराचे स्वर हेच आहेत. सा रे ग प ध.

मग फरक कशात? भूप गांधाराचा, म्हणजे 'ग'चा राग आहे. वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, गांधार; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत, म्हणजे 'ध'. राग सगळा पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो, खालच्या धैवतावरून सा-रे करत गांधारावर येऊन विसावतो. देसकारात हे उलटं. वादी धैवत, संवादी गांधार, सगळा जोर उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, तार षड्जावरून धैवतावर उतरायचं, पंचमावर थांबायचं, आणि आरोहात रिषभाला फार महत्त्व द्यायचं नाही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. रागांची थाटांत, म्हणजे स्वरांवरून पाडलेल्या गटांत, वर्गवारी करणाऱ्या भातखंड्यांनी तर भूप कल्याण थाटात टाकला आणि देसकार बिलावल थाटात. पाचही स्वर सारखे असताना थाट वेगळे! पहिल्यांदा वाचताना मुलं गोंधळतात. पण भूपाचं चलन, म्हणजे रागाची चालण्याची रीत, कल्याणाच्या अंगाने जातं आणि देसकाराचं बिलावलाच्या, हे दोन-चार जागा गाऊन दाखवलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मला कुठल्याही परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोलाचं वाटतं.

वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग, न्यास (थांबण्याचा स्वर), चलन हे शब्द माहीत असलेलं मूल देसकारात शिरलं की स्वतःच थबकतं. माझा मुक्काम धैवतावर जास्त होतोय, हे त्याला गुरुजी समोर नसतानाही कळतं. ज्याला हे शब्द माहीत नाहीत त्याला कुणीतरी "हे बरोबर नाही" म्हणेपर्यंत कळत नाही, आणि म्हटल्यावरही काय बरोबर नाही ते कळत नाही. शास्त्र गाणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं करतं, एवढंच मला सांगायचं आहे. आठवड्यातले दोन तास क्लास आणि बाकीचे दिवस मूल एकटं, अशी आज बहुतेक घरांतली स्थिती आहे. गुरुगृही राहून दिवसभर गाणं कानावर पडण्याचे दिवस गेले. तेव्हा जे नकळत मुरत होतं, ते आज कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की जुने खाँसाहेब कुठे ग्रंथ वाचून गायचे? हे उत्तर देणाऱ्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांकडे पाहावं. मिरजेला राहिलेले, किराणा घराण्याचे एवढे मोठे गवई. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचं, मोजमाप करत होते, तेव्हा खाँसाहेबांनी आपला गळा त्या कामासाठी दिला. कुठल्या रागात कुठला स्वर किती चढा, किती उतरा, हे ते गाऊन दाखवत आणि देवल मोजत. भातखंड्यांना देवलांचं हे गणित पटलं नाही, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून भरपूर वाद झाला, आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. तो मिटला की नाही यापेक्षा मला एवढं महत्त्वाचं वाटतं की ज्यांच्या सुरावर लोक जीव टाकत, त्या गायकाला आपला सूर मोजून घेण्यात कमीपणा वाटला नाही.

आणि किशोरीताई आमोणकर? त्यांचा भूप ऐकलेला माणूस तो विसरू शकत नाही. त्याच किशोरीताईंनी रागरसावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रभाताई अत्र्यांनी सरगमवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि तीच सरगम मैफलीत अशी गायली की विरोध करणारेही ऐकत राहिले. शास्त्राने यांचं गाणं कोरडं झालं असं कुणी म्हणेल का?

परत भूपाकडे येतो, कारण अजून गंमत शिल्लक आहे.

तंबोरा नीट जुळला, जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, चांगली लागली, की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून एक स्वर आपोआप उमलतो. कुणी छेडलेला नसतो, तरी स्पष्ट ऐकू येतो. तो गांधार. तार कंप पावताना मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वर देत असते, आणि पाचपटीचा स्वर म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गांधार. भूप गाणाऱ्याच्या मागे त्याचा वादी स्वर तंबोरा स्वतःच धरून बसलेला असतो. हे कळल्यावर मुलं गांधार लावायच्या आधी ऐकायला लागतात. नुसतं "सुरात गा, सुरात गा" असं ओरडून हे होत नाही.

आता हाच गांधार पेटीवर लावून पाहा. पेटीचा गांधार किंचित चढा असतो. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजण्याचं माप) होतो आणि गांधार ४०० वर येतो. तंबोऱ्यातला गांधार सुमारे ३८६ वर आहे. चौदा सेंट म्हणजे अर्धस्वराचा साधारण सातवा हिस्सा. ऐकायला थोडका, पण तंबोऱ्यावर संथ आलाप चालू असताना चांगल्या कानाला लगेच खटकणारा. पेटीवर गळा तयार केलेल्या मुलांचा गांधार तंबोऱ्यात का मिसळत नाही याचं कारण इथे आहे. हे माहीत असलेला शिक्षक रियाजाला पेटी बाजूला ठेवून तंबोरा लावायला सांगतो. माहीत नसलेला मुलाला बेसूर ठरवतो, आणि असं ठरवलेली मुलं गाणं सोडून जाताना मी पाहिली आहेत. पेटीबद्दल माझ्या मनात आकस नाही, मी रोज वाजवतो. पण तिला काय येतं आणि काय येत नाही हे वाजवणाऱ्याला ठाऊक हवं.

मूर्च्छनेचा खेळ तर प्रत्येक पेटीवाल्याने एकदा करून बघाच. भूपाचे पाच स्वर धरा आणि त्यातल्या एकेकाला सा माना. रिषभाला सा मानलं तर मधमाद सारंगाचे स्वर मिळतात. गांधाराला मानलं तर मालकंस. पंचमाला मानलं तर दुर्गा. धैवताला मानलं तर धानी. पट्ट्या त्याच, बोटं तीच, फक्त सा हलला. पहिल्यांदा हे दाखवलं की मुलं हसतात, मग गप्प होतात, मग आपणहून दुसऱ्या रागावर करून पाहतात. असं एकदा केलेलं मूल "आज काळी एक नको, पांढरी दोन करा" म्हटल्यावर भांबावत नाही. स्वर म्हणजे पट्टी नव्हे, सा पासूनचं अंतर, हे त्याच्या बोटांना समजलेलं असतं. कीबोर्डवरचं ट्रान्स्पोजचं बटण दाबून आयुष्य काढणाऱ्या वादकांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी हे शिकवलंच नाही. पण साध्या पेटीवर साथीला बसायची वेळ आली की अडचण होते ती त्यांचीच.

तबल्याचंही तेच. तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारे तुकडे, पाठ करून घेतल्या जातात, तीनतालाच्या वेगळ्या, झपतालाच्या वेगळ्या, रूपकाच्या वेगळ्या. खरं तर हिशोब एकच आहे. समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, निघून पुढच्या समेवर पडायचं, तर सोळा मात्रांच्या तीनतालात ती सम धरून सतरा मात्रा मिळतात. तोच तुकडा तीनदा, मधे दोनदा सारखी विश्रांती. पाच मात्रांचा तुकडा आणि एक मात्रा विश्रांती घेतली तर पंधरा अधिक दोन, बरोबर सतरा. तीनचा तुकडा आणि चारची विश्रांती, तरीही सतरा. दहा मात्रांच्या झपतालात अकरा: तीनचा तुकडा, एकची विश्रांती. सात मात्रांच्या रूपकात आठ: दोनचा तुकडा, एकची विश्रांती. हे समजलेला मुलगा कुठल्याही तालात तिहाई स्वतः बांधतो. शाळेत गणिताच्या नावाने रडणारी मुलं हे किती आनंदाने करतात ते एकदा पाहाच.

थोडं गोव्याबद्दल, कारण शास्त्राने पोट भरतं का असं विचारणाऱ्यांना त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. पाच रेघांवरचं स्वरलेखन वाचता येणारी ही मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटाचा ऑर्केस्ट्रा त्यांच्या खांद्यावर उभा राहिला. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा भाग लिहायचा आणि वादक समोरचा कागद वाचून वाजवायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर याच्याही पुढे गेले. पाश्चात्त्य शास्त्र पक्कं असलेल्या या माणसाने रागसंगीत समजून घेतलं आणि १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात ते नाव आलं ते याच गुरूंच्या आदरापोटी. एक शास्त्र नीट येत असेल तर दुसरं शिकायला भीती वाटत नाही, हे मला त्यांच्याकडे पाहून पटतं.

आता शास्त्राचा कंटाळा येतो त्याबद्दल. येतो, आणि त्याचं कारण आपण ते शिकवतो त्या पद्धतीत आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांसाठी मुलं व्याख्या पाठ करतात. थाट म्हणजे काय, राग म्हणजे काय, अमक्याचं जीवनचरित्र लिहा. एका क्लासमध्ये परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शास्त्राच्या झेरॉक्स वाटून "एवढं पाठ करा" सांगितलेलं मी स्वतः पाहिलं. त्या कागदावर देसकार होता, पण मुलांनी देसकार ऐकलेला नव्हता. अशा शास्त्राचा तिटकारा न येता तरच नवल.

ज्यांनी हे सगळं लिहून ठेवलं त्यांनी ते असं मिळवलं नव्हतं. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. वकिली सोडून देशभर हिंडले, घराणेदार गवयांकडून चिजा मिळवल्या, दक्षिणेत जाऊन व्यंकटमखीची बहात्तर मेळांची (मेळ म्हणजे तिकडचे थाट) मांडणी समजून घेतली, आणि मग उत्तरेच्या रागांसाठी दहा थाट बसवले. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग त्यांनी मराठीत लिहिले. आज लखनौपासून कोलकात्यापर्यंत जे थाट शिकवतात, त्यांचं सविस्तर विवेचन आधी आपल्या भाषेत छापलं गेलं, आणि आपलीच मुलं ते गाईडमधून पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं. आधी ऐकणं, मग लिहिणं, हा त्यांचा क्रम होता. दहा थाटांत सगळं बसत नाही हे खरंच आहे. पटदीपात गांधार कोमल आणि निषाद शुद्ध, दहातल्या एकाही थाटाचे स्वर त्याला जुळत नाहीत, तरी तो काफीत ढकलावा लागतो. मधुवंतीचीही तीच गोष्ट. मुलांना हेही सांगायला हवं. न बसणारा राग दाखवला की त्यांना कळतं की राग आधी होता आणि थाट नंतर आला.

लहान मुलाला पहिल्याच दिवशी हे सगळं सांगा असं मी म्हणत नाही. आधी तंबोरा, सा, पलटे आणि भरपूर ऐकणं. पण पहिला राग गळ्यावर बसला की त्याच दिवसापासून "असं का?" हा प्रश्न सुरू व्हावा आणि त्याचं उत्तर गाऊनच द्यावं. पलट्यांचंही तेच. देवगिरीला यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात स्वरांच्या उलटापालटीचा पूर्ण हिशोब आहे. भूपाचे पाच स्वर प्रत्येकी एकदा घेऊन १२० प्रकारे मांडता येतात. रियाजाला त्या मांडण्या घ्याव्यात, आणि मग त्यातल्या भूपाच्या कुठल्या, देसकाराच्या कुठल्या आणि कुठल्याच नसलेल्या कुठल्या, हे मुलाने स्वतः निवडावं. एवढी निवड ज्याला जमली त्याला लेखी पेपराची भीती घालता येणार नाही.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चारच राग घेऊन बसणार आहे: भूप, देसकार, शुद्ध कल्याण आणि जैत कल्याण. चौघांचे मुख्य स्वर हेच पाच. परीक्षा नाही, वही नाही, फी नाही. सकाळी देसकार, संध्याकाळी बाकीचे. ज्यांची मुलं दोन-तीन वर्षं शिकलेली आहेत आणि मनाने आलाप करायला सांगितल्यावर थांबतात, त्यांनी त्यांना घेऊन या. तबल्याची मुलंही चालतील, तिहायांचा हिशोब त्यांच्याकडूनच मांडून घेऊ. पेटी इथे आहे, तंबोरा मात्र ज्यांच्या घरी असेल त्यांनी जरूर आणा, तो जुळवायलाही शिकवतो.